विदर्भाच्या गावात घरातली शोभेची पानांची झाडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनीप्लांट, सिंगोनियम, स्नेक प्लांट, अॅग्लोनेमा, अरेका पाम, रबर प्लांट, मॉन्स्टेरा अशी झाडं आता तालुक्याच्या नर्सरीतून गावातल्या ओसरीपर्यंत पोचली आहेत. त्यांच्या निगेची माहिती मात्र बहुतेक वेळा मुंबई-पुण्याच्या हवेची असते. तिथलं वेळापत्रक इथे जसंच्या तसं लावलं की झाड दोन महिन्यांत जातं आणि दोष उन्हाला दिला जातो. प्रत्यक्षात काळी माती, खारं पाणी आणि उन्हाच्या धास्तीने रोज घातलेला तांब्या या तिघांनी जास्त झाडं जातात. पुढची उत्तरं हे लक्षात ठेवून लिहिली आहेत.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. ही झाडं इथे टिकतात तरी का?

टिकतात, पण वाढत नाहीत. यातली बहुतेक झाडं मूळची उष्ण प्रदेशातल्या दमट जंगलांची, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. त्यांना २० ते ३२ अंश तापमान आणि ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून खाली येते. अशा हवेत पानातून पाणी इतक्या वेगाने उडतं की मुळांचा पुरवठा कमी पडतो. मग झाड पानांवरची रंध्रं मिटून घेतं आणि वाढ थांबवतं. म्हणून मध्य एप्रिलपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत झाड फक्त तगवायचं. या काळात खत नको, कुंडी बदलणं नको, छाटणीही नको. नवीन पान आलं नाही म्हणून घाबरू नका.

पहिल्यांदा घेत असू तर कोणतं झाड घ्यावं?

स्नेक प्लांट, झीझी (ZZ प्लांट) आणि साधा हिरवा-पिवळा मनीप्लांट. ही तिन्ही झाडं टिनाच्या घरातही निभावतात. स्नेक प्लांट जाड पानांत पाणी साठवतो, झीझी मातीखालच्या बटाट्यासारख्या गड्ड्यांत. त्यानंतर सिंगोनियम, रबर प्लांट, स्पायडर प्लांट. अॅग्लोनेमा आणि अरेका पाम घ्यायचे तर घरात उन्हाळ्यात कूलर चालत असावा.

कॅलाथिया, मरांटा आणि बोस्टन फर्न यांच्यावर पैसे घालू नका, निदान पहिली दोन वर्षं. नर्सरीत ऑगस्टमध्ये ती फार देखणी दिसतात. मार्च लागला की पानांच्या कडा कागदासारख्या वाजू लागतात.

आणखी एक: खरेदी जुलै ते सप्टेंबर या काळात करा. लग्नसराईत, भर एप्रिलमध्ये आणलेलं झाड प्रवासाचा, जागा बदलाचा आणि उन्हाचा असे तीन धक्के एकदम खातं.

नर्सरीतून आणलं की लगेच मोठ्या कुंडीत लावायचं का?

नाही. दहा-बारा दिवस त्याच पिशवीत, घरातल्या ठरलेल्या जागी, इतर झाडांपासून वेगळं ठेवा. पानांच्या खालच्या बाजूला कीड आहे का ते या दिवसांत कळतं.

मग पिशवी कापून मुळांचा गोळा पाहा. इकडच्या नर्सऱ्यांत आंध्रातल्या कडियमकडून ट्रकने येणारा माल बराच असतो आणि तो अनेकदा चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतो. हा गोळा तसाच नव्या भुसभुशीत मिश्रणात ठेवला तर पाणी बाजूच्या मिश्रणातून निघून जातं आणि आतला गोळा वाळून विटेसारखा होतो. उलट पावसाळ्यात तोच गोळा आठ-आठ दिवस ओला राहून मुळं कुजवतो. गोळा अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवा, बोटांनी बाहेरची निम्मी माती अलगद सोडवा आणि मग लावा. सगळी माती धुऊन काढण्याच्या फंदात पडू नका, बारीक मुळं तुटतात.

नवी कुंडी जुन्या गोळ्यापेक्षा जेमतेम दोन इंच रुंद असावी. मोठ्या कुंडीत झाड लवकर मोठं होतं ही समजूत खोटी आहे. मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि आंबते.

शेतात एवढी काळी कसदार माती आहे. ती कुंडीत का चालत नाही?

शेतात तिचा जो गुण आहे तोच कुंडीत दोष होतो. काळ्या कापसाच्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. कुंडीतही हेच होतं. माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, बारीक मुळं ताणून तुटतात आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली बशीत उतरतं. माणूस म्हणतो पाणी तर रोज घालतो. आतलं मूळ कोरडंच असतं. पावसाळ्यात याच्या उलट, कुंडीचं चिबड होतं. शेतात पाच-सहा फूट खोली असते, कुंडीत आठ इंच. पाणी खाली जाणार कुठे?

काळी माती वापरायचीच असेल तर एकूण मिश्रणाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नको.

मग मिश्रण कसं करायचं?

घमेल्याने मोजा. दोन घमेली भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक घमेलं गांडूळखत, एक घमेलं निचऱ्याचं साहित्य. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. एवढ्यात आठ इंची सात-आठ कुंड्या भरतात.

निचऱ्याचं साहित्य तुमच्या भागात जे मिळेल ते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे राईस मिलमधला अर्धवट जळलेला काळा धानकोंडा मिळतो, तो उत्तम आणि हलका. पूर्ण जळून पांढरी झालेली राख मात्र घेऊ नका, ती मिश्रण अल्कधर्मी करते. काळा कोंडाही दोन-तीन पाण्यांतून काढून घ्या. अकोला-बुलढाण्याकडे जाड वाळू चाळून घ्या. ज्वारीच्या दाण्याएवढी खडी राहिली पाहिजे, बारीक रेती गाळासारखी बसते. वीटभट्टीवरचा विटांचा चुरा धूळ धुऊन टाकल्यावर चालतो.

कोकोपीटची वीट भिजवली की पहिलं पाणी तांबडं येतं. त्यात क्षार असतात. पाच-सहा तास भिजवून पिळा, पुन्हा चांगल्या पाण्यात भिजवून पुन्हा पिळा. हे टाळलं की नवी कुंडी पहिल्याच महिन्यात पानांची टोकं जाळते. कोकोपीट मिळत नसेल तर पूर्ण कुजलेलं, चाळलेलं पालापाचोळ्याचं खत घ्या. शेणखत घ्यायचं तर निदान वर्षभर जुनं, वास न येणारं आणि हाताला थंड लागणारं.

कुंडीच्या तळाशी खडे-खापऱ्यांचा थर देऊ नका. निचरा वाढावा म्हणून तो घालतात, पण बारीक मिश्रणातलं पाणी खाली खड्यांत सहज उतरत नाही. ते वरच अडकतं आणि ओलीचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर मच्छरदाणीचा एक तुकडा पुरे. रंगाचे डबे, तेलाचे पिंप वापरत असाल तर तापवलेल्या सळईने तळाला निदान चार भोकं पाडा, करंगळी जाईल एवढी.

पाणी किती दिवसांनी घालायचं?

दिवस मोजू नका, वाफसा पाहा. हरभऱ्याचं रान पेरणीला आलं की नाही हे मूठभर माती दाबून कळतं. गोळा होतो, बोटाने टोचला की फुटतो, हाताला चिखल लागत नाही. कुंडीतल्या झाडांच्या मुळांनाही हीच अवस्था हवी असते.

मनीप्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, अॅग्लोनेमा, रबर प्लांट: बोट दोन इंच आत घाला. तिथवर कोरडं लागलं तरच पाणी. अरेका पाम, पीस लिली: वरचा अर्धा-एक इंच सुकला की पाणी. स्नेक प्लांट आणि झीझी: कुंडी तळापर्यंत कोरडी होऊ द्या, उचलल्यावर हलकी लागली पाहिजे.

घालताना पोटभर घाला. आठ इंची कुंडीला पाऊण ते एक लिटर, हळूहळू, खालून पाणी निघेपर्यंत. वीस मिनिटांनी बशीतलं पाणी फेकून द्या. रोज अर्धा पेला घालण्याची सवय सगळ्यात वाईट. वरची माती कायम ओली दिसते, खालची मुळं कोरडी राहतात आणि क्षार वरच्या थरात साचतात.

अंदाज हवाच असेल तर प्लास्टिकच्या आठ इंची कुंडीतल्या मनीप्लांटला मे महिन्यात तीन-चार दिवसांनी, पावसाळ्यात आठवड्याने, डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा दिवसांनी पाणी लागतं. स्नेक प्लांटला उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी, थंडीत महिन्यातून एकदा. मातीची कुंडी असेल तर उन्हाळ्यात यापेक्षा लवकर.

उन्हाळ्यात वेळ सकाळी सहा-सातची. दुपारी छतावरच्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी नळाला हात लावता येणार नाही इतकं तापतं. तेच पाणी कुंडीत गेलं तर मुळं भाजतात. लोडशेडिंगमुळे सकाळी मोटर चालत नसेल तर आदल्या संध्याकाळी बादली भरून सावलीत ठेवा.

माती ओली आहे, तरी दुपारी पानं लोंबतात. आणखी पाणी घालू का?

थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता झाडाकडे बघा. पानं ताठ झाली असतील तर तो फक्त दुपारच्या झळांचा परिणाम होता, काही करायचं नाही. सकाळीही लोंबलेलीच असतील आणि माती ओली असेल तर मुळं कुजत आहेत, पाणी बंद. सकाळी लोंबलेली आणि माती कोरडी, तरच पाणी. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) मरणाऱ्या बऱ्याच झाडांचं मरण या एका चुकीत असतं: कुजलेल्या मुळांना तहान समजून पुन्हा पाणी.

पानांची टोकं तपकिरी होऊन वाळतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर येतो. काय कारण?

पाणी. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्याला खारपाणपट्टा म्हणतात ते उगाच नाही, तिथलं भूजलच खारं आहे. इतर भागांतही बोअरचं पाणी जड असतं. पाणी उडून जातं आणि क्षार कुंडीत मागे राहतात. दर खेपेला थोडे थोडे वाढत जातात आणि शेवटी पानाच्या टोकाशी जाळ दिसतो.

दुसरं कारण फ्लोराईड. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. माणसाच्या दातांवर डाग पडतात तसा ड्रसिना आणि स्पायडर प्लांटच्या टोकांवर त्याचा परिणाम दिसतो. या दोन झाडांना सिंगल सुपर फॉस्फेटही घालू नका, त्यातही फ्लोराईड असतं.

पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून घ्या. गावातल्या आरओ प्लांटवाल्याकडे मीटर असतो, मिनिटाचं काम आहे. ५०० च्या आत असेल तर निर्धास्त राहा. ५०० ते १००० असेल तर दोन महिन्यांनी कुंडी धुवून काढा: आठ इंची कुंडीत आठ-दहा लिटर चांगलं पाणी हळूहळू ओतून खाली वाहू द्या. १००० च्या वर असेल तर पावसाचं पाणी साठवण्याला पर्याय नाही.

हिशेब सोपा आहे. दहा फूट बाय दहा फूट टिनावर १० मिलिमीटर पाऊस पडला की नव्वद लिटरच्या आसपास पाणी उतरतं. पहिले दोन-तीन पाऊस धूळ धुऊन जाऊ द्या, मग पन्हाळाखाली दोनशे लिटरचा ड्रम लावा. दहा कुंड्यांना आठवड्याला साधारण बारा लिटर धरलं तर पावसाळा संपल्यावर एक ड्रम जानेवारीपर्यंत पुरतो. दोन ड्रम असतील तर एप्रिल निघतो. तोंडाला बारीक जाळी आणि वर झाकण बांधा, नाहीतर डास होतात.

पाणी उकळून खारेपणा जात नाही, उलट पाणी आटल्याने तो वाढतो. तुरटीने गढूळपणा बसतो, खारेपणा नाही. रात्रभर उघडं ठेवल्याने ब्लीचिंग पावडरचा क्लोरीन बराचसा उडतो, तेवढाच उपयोग.

आरओचं वाया जाणारं पाणी, कूलरच्या टाकीतलं पाणी, एसीचं पाणी झाडांना चालेल?

आरओमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. अंगणात सडा टाकायला वापरा, कुंडीत नको. कूलरच्या टाकीत तेच होतं: वाफ हवेत जाते, क्षार टाकीत उरतात, चार दिवसांनी ते पाणी बोअरपेक्षाही खारं झालेलं असतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र हवेतल्या वाफेचं, जवळपास बिनक्षाराचं असतं. तसा एसी गावात कुणाकडे असेल तर त्या पाण्याची बादली मागायला हरकत नाही.

घरात उजेड पुरेसा आहे हे कसं ओळखायचं?

सकाळी अकरा-बाराला झाडाच्या जागी पांढरा कागद धरा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीला बोटांचा आकार असेल पण कडा पुसट असतील, तर उजेड बरोबर. सावली काळी आणि रेखीव असेल तर ऊन थेट आहे. सावलीच दिसत नसेल तर तिथे फक्त स्नेक प्लांट आणि झीझी तग धरतील, तेही महिनोन्महिने न वाढता.

जुन्या कवेलूच्या घरांत भिंती जाड, खिडक्या लहान. आतल्या खोलीपेक्षा ओसरी बरी, भिंतीच्या बाजूला, ऊन न पोचेल तिथे. उत्तरेची खिडकी सर्वात चांगली, पूर्वेची सकाळचं कोवळं ऊन देते. पश्चिमेच्या खिडकीतलं झाड मार्च लागताच चार फूट मागे घ्या किंवा खिडकीला ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावा. रंगीत पानांच्या झाडांना, म्हणजे क्रोटन, गुलाबी अॅग्लोनेमा वगैरेंना, हिरव्यापेक्षा जास्त उजेड लागतो. अंधारात ती हिरवी पडत जातात.

कूलरसमोर झाड ठेवलेलं चांगलं की वाईट?

खोलीत कूलर असणं चांगलं, झोतात झाड असणं वाईट. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून येणारी हवा ओलसर असते आणि खोलीची आर्द्रता दुपटीने वाढू शकते. पण जोराचा झोत पानांना सतत हलवतो, फाडतो आणि एका बाजूने वाळवतो. झोताच्या रेषेबाहेर, सहा ते आठ फुटांवर ठेवा. आणि लक्षात घ्या, कूलरच्या खोलीत कुंडी हळू सुकते. बाहेर ४६ अंश आहे म्हणून आतल्या झाडाला रोज पाणी घालू नका.

आमचं घर टिनाचं आहे, कूलरही नाही.

टिनाखालची वरची हवा सर्वात तापलेली असते. म्हणून लटकत्या कुंड्या, कपाटावरची आणि फळीवरची झाडं मार्चअखेर खाली आणा. जमिनीवर, माठ-रांजणाजवळ, एकमेकांना चिकटून. दहा झाडं एकत्र ठेवली की त्यांच्यामधली हवा थोडी ओलसर राहते.

महत्त्वाच्या झाडासाठी माठाचीच युक्ती वापरा. बारा इंची मातीच्या कुंडीत तळाला दोन इंच वाळू टाका, त्यावर आठ इंची प्लास्टिक कुंडी बसवा, मधल्या फटीत वाळू भरा. रोज सकाळी वाळूवर लिटरभर पाणी घाला. बाहेरच्या मातीतून पाणी पाझरून उडतं आणि आतली मुळं बाहेरच्यापेक्षा काही अंश थंड राहतात. आतल्या झाडाला वेगळं पाणी वाफसा पाहूनच. वाळू-मातीचा खर्च नको असेल तर कुंडीभोवती ओलं बारदान गुंडाळलं तरी फरक पडतो.

पानांवर पाणी फवारल्याने आर्द्रता वाढते ना?

पाच-दहा मिनिटं. आपल्या मे महिन्यात तेवढंही नाही. वर बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके पानांवर बसतात. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा ओल्या सुती कपड्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसा. रस्त्याची धूळ आणि चुलीची काजळी पानांवर बसली की उजेड अडतो. चमक यावी म्हणून खोबरेल तेल किंवा दूध लावू नका. तेलावर आणखी धूळ चिकटते आणि रंध्रं बुजतात.

पावसाळ्यात बाहेर ठेवू का?

ठेवा, यासारखं औषध नाही. पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर, झाडाखाली किंवा ओसरीच्या कडेला, जिथे पाऊस लागेल पण ऊन निघाल्यावर ते थेट पडणार नाही अशा जागी. उन्हाळाभर साचलेले क्षार धुऊन निघतात. सलग झड लागली तर तीन-चार दिवसांनी आत घ्या. कुंडी थेट मातीवर नको, विटांवर ठेवा. गांडुळं आणि मुंग्या भोकांतून शिरतात. स्नेक प्लांट आणि झीझी आतच राहू द्या.

कुंडी बदलणं, कलम, छाटणी, खत ही सगळी कामं जून अखेर ते सप्टेंबर या काळातली.

थंडीत काही करावं लागतं का?

नागपूर, गोंदियाकडे रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो. १२-१३ अंशांखाली अॅग्लोनेमा, डिफेनबेकिया, क्रोटन यांची पानं पिवळी पडून गळतात. रात्री झाड खिडकीपासून दूर घ्या, पाणी कमी करा आणि घालायचं ते दुपारी बारानंतर, कोमट हवेत.

घरात युरियाची पोती आहेत. चिमूटभर घातला तर?

नको. युरियात ४६ टक्के नत्र असतं. एकराचं माप आणि कुंडीचं माप यांत चिमटीने हिशेब लागत नाही, थोडा जास्त पडला तरी आठ इंची कुंडीतली मुळं करपू शकतात. डीएपीही नको.

कपाशीवर फवारायला आणलेलं १९:१९:१९ हे विद्राव्य खत घरात असेल तर ते वापरा. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, आधी मातीत थोडं साधं पाणी देऊन मग हे द्रावण. जुलै ते सप्टेंबर, दर वीस दिवसांनी. एवढंही नको असेल तर दोन महिन्यांनी कुंडीमागे दोन मुठी गांडूळखत पुरे. चहाचा चोथा साखर-दुधासकट टाकला तर मुंग्या आणि बुरशी येते, धुऊन वाळवलेला थोडा चालतो.

पानांवर पांढरा कापूस, जाळी, चिकटपणा दिसतो. कपाशीचं औषध मारू का?

घरात अजिबात नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले, तेही मोकळ्या वावरात. बंद खोलीत, जिथे लेकरं झोपतात, तिथे ती औषधं उघडायचीसुद्धा नाहीत. रिकाम्या औषधाच्या डब्याची कुंडीही करू नका.

कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एक एक पुसा, दर चार दिवसांनी, तीन-चार वेळा. बेचक्यात आणि देठाच्या मुळाशी लपलेले राहिले की पुन्हा वाढतात. पानाखाली बारीक जाळी आणि वर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी, खास उन्हाळ्यातला. झाड बाहेर नेऊन पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याची धार मारा, त्यानेच निम्मे जातात.

मग निंबोळी. बाजारचं कडुनिंबाचं तेल असेल तर लिटरभर कोमट पाण्यात आधी दोन मिली भांड्यांचं द्रव साबण, मग पाच मिली तेल, हलवून लगेच फवारा. उलट क्रमाने केलं तर तेल वर तरंगतं आणि पानावर डाग पडतात. घरच्या निंबोळ्या असतील तर शेतातला पाच टक्क्यांचाच अर्क: ५० ग्रॅम भुकटी रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, एक लिटर करा. त्यात दोन ग्रॅम साबणचुरा. फवारणी ओसरीत किंवा अंगणात, सांजवेळी. दर आठवड्याला एक, अशा तीन. आधी एका पानावर करून दोन दिवस पाहा.

कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडतात.

माती सतत ओली असल्याची ती खूण आहे. वरचा दीड इंच पूर्ण सुकू द्या, वर अर्धा इंच कोरडी वाळू पसरा, शेतातला पिवळा चिकट सापळा कापून तुकडा कुंडीत खोचा. तीन आठवड्यांत संपतात.

ही झाडं विषारी आहेत का? घरात रांगतं लेकरू आहे आणि बकऱ्याही ओसरीवर येतात.

धोप्याची कच्ची पानं किंवा सुरण खाल्ल्यावर घसा खाजतो ना, तोच प्रकार. मनीप्लांट, सिंगोनियम, अॅग्लोनेमा, डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, पीस लिली ही सगळी अळूच्याच कुळातली. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की तोंड, जीभ, घसा सुजतो, जळजळतो. झीझीसुद्धा त्यातलीच. डिफेनबेकिया सर्वात त्रासदायक, लहान मुलांच्या घरात आणूच नका.

मुलाने चावलं तर तुकडे काढा, तोंड पाण्याने धुवा, थंड पाणी किंवा दूध घोटघोट द्या. ओकारी काढायला लावू नका. सूज वाढली, श्वास किंवा गिळणं अडलं तर लगेच दवाखाना. अरेका पाम आणि स्पायडर प्लांट यांचा असा धोका नाही.

मनीप्लांट बाटलीतल्या पाण्यात ठेवला तर?

वर्षानुवर्षं राहतो, पण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. आठवड्यातून एकदा पाणी ओतून बाटली आतून घासा. ग्रामपंचायतीच्या कोरड्या दिवशी कूलर आणि रांजणासोबत हेही करा. गडद रंगाची बाटली असेल तर शेवाळ कमी. चोरून आणलेलाच मनीप्लांट लाभतो म्हणतात. झाडाला ते माहीत नसतं, शेजाऱ्याला विचारून आणलेलाही तितकाच वाढतो.

त्याची नवी रोपं कशी करायची?

देठावर जिथून पान फुटतं तो पेर आणि त्यावरचा मुळाचा तपकिरी कोंब कापात आला पाहिजे. नुसतं पान लावलं तर ते हिरवं राहतं, वेल होत नाही. जुलैत लावा, तीन आठवड्यांत मुळं. स्नेक प्लांटचं पान तीन इंची तुकडे करून, दोन दिवस सुकवून, खालची बाजू खालीच ठेवून लावतात. पण पिवळ्या कडेच्या जातीच्या तुकड्यातून साधा हिरवा निघतो. पिवळी कड हवी तर गड्डा फोडून वेगळा करा.

लग्नाला आठ-दहा दिवस गावाला जायचं आहे. कुंड्यांचं काय?

जाड सुती दोरी घ्या, आपल्याकडे तिला तोटा नाही. ती भिजवून एक टोक कुंडीच्या मातीत तीन इंच खोल खोचा, दुसरं शेजारच्या झाकलेल्या बादलीत तळापर्यंत सोडा. बादलीचं तोंड कुंडीच्या मातीच्या पातळीला किंवा थोडं वर असावं. नायलॉनची दोरी पाणी ओढत नाही. निघण्याआधी दोन दिवस करून बघा, कुंडी चिखल होत असेल तर दोरी बारीक करा. स्नेक प्लांट आणि झीझीला काहीच लागत नाही.

ही झाडं घरातली हवा शुद्ध करतात म्हणतात.

१९८९ मधल्या नासाच्या प्रयोगावरून हे पसरलं. तो प्रयोग लहान बंद पेटीत झाला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा दारं-खिडक्यांतून जेवढी हवा बदलते त्याची बरोबरी करायला एका चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील असं निघालं. चुलीच्या धुरासाठी खिडकी उघडा. झाड डोळ्यांना बरं वाटतं म्हणून ठेवा.

झाड जवळजवळ गेलंच आहे. वाचवता येईल?

कुंडीतून काढा, मुळं धुवा. पांढरी-पिवळसर आणि कडक मुळं जिवंत. तपकिरी, मऊ, ओढली की साल निघून आत दोरा उरतो ती मेलेली. स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने ती सगळी कापा, पानंही त्याच प्रमाणात कमी करा, कारण उरलेल्या मुळांना एवढी पानं पोसता येणार नाहीत. हरभऱ्याच्या बियाण्याला लावायची ट्रायकोडर्मा भुकटी घरात असेल तर लिटरला पाच ग्रॅम घेऊन मुळं दहा मिनिटं बुडवा. लहान कुंडी, नवं मिश्रण, सावली. पहिलं पाणी बेताचं आणि पुढचं दोन इंच सुकल्यावर.

एकही कडक मूळ उरलं नसेल पण देठ घट्ट असेल तर वरचे पेर कापून पाण्यात लावा. देठही मऊ झाला असेल तर झाड गेलं. ते मिश्रण दुसऱ्या कुंडीत वापरू नका, उकिरड्यावर टाका, आणि कुंडी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात उलटी घाला.